अभ्यासलेख : गाण्याच्या कागदावरील इटालियन शब्द



मुंबईच्या एका मित्र धर्मगुरूंनी आपल्या गायकवृंदासाठी चार आवाजांत गायची काही गीते पाठवली. शनिवारच्या सरावाला आम्ही त्यांच्या झेरॉक्स प्रती वाटल्या. पहिल्या ओळीच्या खाली 'पी' असे अक्षर छापलेले होते. कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाने ते पाहिले आणि बटण दाबून पियानोचा आवाज लावला. पुढच्या कडव्यात 'एफ' आला, तेव्हा त्याने फ्लूटचा आवाज लावला. सगळे पोट धरून हसले, आम्हीही हसलो. मग नर्सिंगला शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "फादर, मग याचा खरा अर्थ काय? आणि वर हे 'आंदान्ते' काय लिहिले आहे?" सेमिनरीत हे सारे कानावरून गेले होते, पण वेळेवर नीट सांगता आले नाही. रात्री जुन्या वह्या आणि पुस्तके काढली. त्या मुलीला द्यायचे उत्तर सर्वांच्याच उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

हे केवळ गायकवृंदासाठी आहे असे समजून कृपया पान उलटू नका. या परक्या शब्दांनी आमच्याच एका चुकीवर बोट ठेवले. ती चूक तुम्हा सर्वांशी संबंधित आहे. ती पुढे सांगतो.

1. हे शब्द इटालियन का?

याची सुरुवात ख्रिस्तसभेच्या अंगणातच झाली. इ.स. 1025 च्या सुमारास इटलीतील अरेत्सो या गावी ग्विदो नावाचे बेनेदिक्तीन संन्यासी मुलांना गायन शिकवत असत. त्या काळी प्रत्येक स्तोत्राची चाल तोंडपाठ करावी लागे आणि त्यात वर्षे जात. ग्विदो यांनी आडव्या रेघा आखून त्यांवर स्वर मांडण्याची पद्धत सुधारली. संत योहान बाप्तिस्ता यांच्या एका लॅटिन स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होते, हे त्यांनी हेरले आणि त्या ओळींची पहिली अक्षरे स्वरांची नावे म्हणून वापरली : उत, रे, मी, फा, सोल, ला. पुढे 'उत'चा 'दो' झाला. आपले सा-रे-ग-म हे जसे स्वरांचे संक्षिप्त नाव आहे, तसेच हे.

पुढे 1501 मध्ये व्हेनिस शहरात अनेक आवाजांच्या संगीताचे पहिले पुस्तक छापले गेले. तेथेच 1637 मध्ये तिकीट काढून कोणालाही जाता येईल असे पहिले संगीत-नाटकगृह उघडले. त्यानंतर इटालियन गायक-वादक साऱ्या युरोपात राजदरबारी गेले आणि त्यांच्या सूचनांचे शब्दही त्यांच्याबरोबर गेले. जर्मन असो की फ्रेंच, संगीताच्या कागदावर सूचना इटालियनमध्ये लिहिण्याचा प्रघात पडला. औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टर अजूनही लॅटिन खुणा लिहितात. सावंगीच्या दवाखान्यात काम करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

आपल्याकडे हे ज्ञान गोव्यातून आले. पोर्तुगीज काळात तेथील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. त्या शिक्षणावर गोव्याचे कितीतरी वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत उभे राहिले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (मृत्यू 2012) त्यांपैकी एक. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील गाण्यात जे नाव येते, ते या गुरूंच्या आदरासाठी घातलेले आहे. हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यामागे चर्चमधील गायनाची शाळा आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असेल.

2. चालीच्या गतीचे शब्द

गीताच्या डोक्यावर पहिला शब्द असतो तो गतीचा. प्रमुख शब्द असे :

लार्गो – मूळ अर्थ रुंद, ऐसपैस. अतिशय संथ.
अदाजो – सवडीने, घाई न करता.
आंदान्ते – 'चालणे' या क्रियापदावरून आलेला. सहज चालणाऱ्या माणसाची गती.
मोदेरातो – मध्यम.
अल्लेग्रो – मूळ अर्थ आनंदी, उल्हासित. यावरून जलद.
प्रेस्तो – अतिशय जलद.

आपल्या संगीतातील विलंबित, मध्य आणि द्रुत लय ज्याला ठाऊक आहे, त्याला यात अवघड काही नाही. 1815 मध्ये मेल्त्सेल यांनी मेट्रोनोम या टकटक करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. तेव्हापासून गती आकड्यांतही लिहू लागले. आंदान्ते म्हणजे मिनिटाला सुमारे 76 ते 108 ठोके, अल्लेग्रो म्हणजे 120 च्या पुढे. दवाखान्यातील मंडळींसाठी सोपी खूण : विसावलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला 60 ते 100 पडते. म्हणजे आंदान्ते ही साधारणपणे निरोगी माणसाच्या नाडीची आणि पावलांची गती आहे. हृदय बंद पडलेल्या रुग्णाच्या छातीवर दाब देतात तो मिनिटाला 100 ते 120 या गतीने. ती धावपळीची गती झाली. प्रत्येक गतीला आपले स्थान आहे. पण दोहोंची अदलाबदल करून चालत नाही.

मधेच गती बदलण्याचेही शब्द आहेत. रितार्दान्दो म्हणजे हळूहळू संथ होत जाणे. कागदावर याचे 'रिट.' एवढेच छापतात. आच्चेलेरान्दो म्हणजे वेग वाढवत नेणे. आ तेम्पो म्हणजे पुन्हा मूळ गतीवर येणे. स्वरावर अर्धगोल आणि त्यात टिंब असेल तर ती फेर्माता : त्या स्वरावर थांबा, प्रमुखाचा हात खाली येईपर्यंत पुढे जाऊ नका. इटलीत बसच्या थांब्यालाही फेर्माताच म्हणतात. एसटी थांब्यावर थांबली नाही तर काय होते, ते खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे.

आता आमच्या चुकीकडे येतो. काही महिन्यांपूर्वी मिस्सा आटोपल्यावर मागच्या बाकावर बसणाऱ्या एक आजी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "फादर, आमच्या तोंडात शब्द येतपर्यंत गाणं समोर निघून जाते जी. आता मी नुसती ऐकतो." आम्ही हसून वेळ मारून नेली. पण त्या रात्री 'आंदान्ते'चा अर्थ वाचताना त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. एसटी थांब्यावर थांबली नव्हती, आणि गाडी हाकणारे आम्हीच होतो. रविवारी सकाळी अनेकांना ड्यूटीवर जायचे असते, म्हणून मिस्सा वेळेत संपावी अशी सूचना आम्हीच गायकवृंदाला दिली होती. त्यांनी ती पाळली. कीबोर्डमधील तयार ठेका वाढवला आणि प्रायश्चित्तकाळातील गीतसुद्धा अल्लेग्रोत गेले. त्या आज्ञाधारक मुलांचा यात दोष नाही.

3. आवाजाच्या लहान-मोठेपणाचे शब्द

आता तो 'पी'. पियानो म्हणजे हळुवार आवाजात. 'एफ' हे फोर्तेचे अक्षर : जोरकस आवाजात. 'एम' म्हणजे मेत्सो, अर्थात अर्धे किंवा मध्यम. म्हणून 'एमपी' म्हणजे बेताने हळू आणि 'एमएफ' म्हणजे बेताने मोठे. दोनदा 'पी' आला तर पियानिस्सिमो, अगदी हळू. दोनदा 'एफ' आला तर फोर्तिस्सिमो, पूर्ण जोराने. आवाज वाढवत नेणे म्हणजे क्रेशेंदो, आणि कमी करत नेणे म्हणजे दिमिनुएंदो. कागदावर यांच्यासाठी उघडत जाणारी किंवा मिटत जाणारी लांब चिमट्यासारखी खूण असते. दुरून दिंडी येते, तिचा आवाज वाढत जातो, दारासमोरून ती पुढे जाते आणि आवाज ओसरतो. क्रेशेंदो आणि दिमिनुएंदो याहून वेगळे नाहीत.

आमच्या कीबोर्डवाल्या मुलाची बाजूही येथे मांडली पाहिजे. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समधील क्रिस्तोफोरी या कारागिराने असे वाद्य तयार केले की ज्यावर बोटाच्या दाबाप्रमाणे स्वर हळूही निघे आणि मोठाही निघे. त्यापूर्वीच्या तशा बहुतेक पट्ट्यांच्या वाद्यांवर हे जमत नसे. म्हणून त्याच्या नावातच 'पियानो' आणि 'फोर्ते' हे दोन्ही शब्द आले आणि पुढे नुसता 'पियानो' उरला. म्हणजे मुलगा अगदीच चुकला नव्हता!

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पियानो म्हणजे सैल किंवा निरुत्साही गाणे नव्हे. हळू गाताना श्वास अधिक सांभाळावा लागतो आणि शब्द अधिक स्पष्ट उच्चारावे लागतात. चार आवाजांच्या गीतात अनेकदा एका आवाजाखाली 'एफ' असतो आणि त्याच वेळी दुसऱ्याखाली 'पी'. त्याचा अर्थ : या क्षणी मुख्य शब्द दुसऱ्याच्या तोंडी आहेत, तू त्याला जागा दे. 'पी' हा कमीपणा नाही. तो शेजाऱ्याला दिलेला मान आहे.

4. गाण्याच्या रीतीचे आणि वाटेचे शब्द

लेगातो – बांधलेले. स्वर एकमेकांना जोडून, मधे खंड न पाडता.
स्टाकातो – सुटे सुटे. प्रत्येक स्वर तोडून.
दोल्चे – गोड, मृदू.
कांताबिले – गाण्यासारखे. वाद्य वाजवणाऱ्यालाही हीच सूचना देतात.
माएस्तोसो – भारदस्त, वैभवशाली.
दा कापो – डोक्यापासून, म्हणजे पुन्हा सुरुवातीपासून.
फिने – समाप्त.
कोदा – शेपूट. गीताच्या शेवटी जोडलेला भाग.
तुत्ती – सर्वांनी मिळून.
आ कापेल्ला – चॅपेलच्या रीतीने, म्हणजे वाद्यांच्या साथीविना. रोममध्ये पोप महोदयांच्या सिस्टिन चॅपेलमध्ये असेच गात. सोळाव्या शतकातील पालेस्त्रिना यांच्या रचना याच परंपरेतील.

यांत एक लॅटिन शब्दही जोडू : ताचेत. अर्थ : तो मौन पाळतो. ज्या वादकाला एखाद्या भागात काहीच वाजवायचे नसते, त्याच्या कागदावर हा एकच शब्द असतो. तो उठून जात नाही. वाद्य मांडीवर ठेवून ऐकत बसतो. ऐकणे हेही त्याचे काम.

5. हे आपल्याला खरेच परके आहे काय?

काही जण म्हणतील, मराठी मिस्सेत इटालियन कशाला? प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात (क्र. 119) प्रत्येक लोकसमूहाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य मान द्यावा असे शिकवले आहे. तेव्हा पेटी आणि ढोलक आपल्या चर्चमध्ये पाहुणे नाहीत. ते घरचेच आहेत.

पण आपल्या भातखंडे स्वरलिपीकडे पाहा. तिच्यात स्वर, सप्तक, मात्रा, मींड आणि कण यांच्या खुणा आहेत; आवाज कोठे लहान करावा आणि कोठे मोठा, याच्या खुणा मात्र नाहीत. ते गुरूसमोर बसून, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून शिकायचे. पाश्चात्त्य रचनाकार दूर असतो, कधी दोनशे वर्षांपूर्वी गेलेला असतो. म्हणून त्याला ते लिहून ठेवावे लागते. वाटा दोन असल्या तरी शिकवण एकच : मनाला येईल तसे गायचे नाही.

आपल्या बायबलमध्येही अशा सूचना आहेत. स्तोत्रसंहिता उघडून मथळे वाचा. कोठे प्रमुख गवयाचा उल्लेख आहे, चौथ्या स्तोत्रावर तंतुवाद्यांचा आहे. 'सेला' हा शब्द स्तोत्रसंहितेत 71 वेळा येतो. त्याचा नेमका अर्थ आज कोणालाच निश्चित ठाऊक नाही; येथे थांबा, वाद्ये वाजू द्या किंवा आवाज उंच करा, अशी काही सूचना असावी असे अभ्यासक मानतात. म्हणजे देवाच्या वचनाबरोबर गायकांना दिलेली टिपणेही जपून ठेवली गेली. प्रभू येशूने शेवटच्या भोजनानंतर शिष्यांसह स्तोत्र गायिले आणि मग ते जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असे मत्तय (26:30) सांगतो. ते त्याच स्तोत्रांच्या परंपरेतले होते.

आणि आपल्या शेजारी सेवाग्राम आहे. महात्मा गांधी 1936 मध्ये तेथे राहायला आले. आश्रमाचा दिवस सकाळ-सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेने बांधलेला होता. संगीत म्हणजे लय आणि शिस्त, असे ते मानत. आश्रमातील भजनांचे संकलन करणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे मराठी शिष्य. 1930 च्या दांडी यात्रेतही ते होते आणि वाटेने भजने गात. पायी चालणाऱ्यांबरोबर गाणारा माणूस आपल्या मर्जीने वेग वाढवू शकत नाही. सर्वांत मागे चालणाऱ्याचे पाऊल त्याला ऐकावे लागते. 'आंदान्ते' या शब्दाची याहून चांगली व्याख्या आम्हाला सुचत नाही.

गांधीजींना प्रिय असलेल्या ख्रिस्ती गीतांत 1833 मध्ये जॉन हेन्री न्यूमन यांनी रचलेले प्रकाशाला साद घालणारे गीत होते. वारा पडल्यामुळे जहाज समुद्रात अडकले असताना न्यूमन यांनी ते लिहिले. 1845 मध्ये ते कॅथलिक झाले आणि 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. थांबावे लागल्यामुळे एक गीत जन्माला आले, हे घाई करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

6. गाणे कोणासाठी?

संत ऑगस्टीन यांना संगीताची अतिशय ओढ होती. आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या दहाव्या भागात ते एक भीती सांगतात. गायल्या जाणाऱ्या वचनापेक्षा गाण्याच्या सुरानेच आपण अधिक हेलावतो, तेव्हा आपल्या हातून अपराध घडतो असे त्यांना वाटे. तरीही चर्चमधील गायन बंद करावे असे त्यांनी म्हटले नाही. सुरामुळे दुर्बळ मनही भक्तीकडे वळते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही शिकलो की खूण ही स्वतःसाठी नसते. ती दुसऱ्या कशाकडे तरी बोट दाखवते. कागदावरचा 'पी' सुराकडे बोट दाखवतो, सूर शब्दाकडे आणि शब्द परमेश्वराकडे. बोटाकडेच पाहत राहिलो तर वाट चुकते. माइक मोठा झाला, ठेका सुंदर झाला, पण मागच्या बाकावरील आजी गप्प झाल्या, तर आपण बोटाशीच थांबलो.

उपासनेतील सर्वांत मोठा शब्द 'तुत्ती' आहे. गायकवृंद लोकांच्या वतीने गाण्यासाठी नाही. लोकांना गाता यावे म्हणून तो आहे. ख्रिस्तसभा स्वतःही 'ताचेत' पाळते : आज्ञा गुरुवारच्या गौरवगीतानंतर पास्का जागरणातील गौरवगीतापर्यंत वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरती वाजवायची असतात. त्या दोन दिवसांत आपला स्वतःचा आवाज आपल्याला ऐकू येतो.

7. आपण काय करायचे?

गायकवृंदाशी बसून आम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत :

(1) प्रवेशगीत आणि अर्पणगीत चालण्याच्या गतीने. कीबोर्डचा तयार ठेका बंद. ताल ढोलकीवर, हाताने.
(2) समारोपगीताचे शेवटचे कडवे आ कापेल्ला. माइक बंद, वाद्ये शांत, फक्त तुमचा आवाज.
(3) कम्युनियननंतर काही क्षण सर्वांनी ताचेत.
(4) सरावाच्या कागदांवर प्रत्येक इटालियन शब्दाखाली पेन्सिलने मराठी शब्द लिहायचा.

एक रविवार आपण हे करून पाहिले. मिस्सा सात मिनिटे लांबली. एक नर्सताई समारोपगीताआधीच ड्यूटीवर निघाल्या आणि जाताना त्यांनी घड्याळाकडे पाहिले, ते आम्ही पाहिले. त्यांची रुग्णसेवाही प्रार्थनाच आहे. तेव्हा आजींना गाता यावे आणि ताईंना आशीर्वाद घेऊन निघता यावे, यासाठी ती सात मिनिटे कोठून तरी काढली पाहिजेत. विचार करता करता आमच्या लक्षात आले की ती आमच्या प्रवचनातून निघू शकतात. पुढच्या रविवारपासून कडवी पळवण्याऐवजी आम्ही स्वतःच थोडा 'दिमिनुएंदो' करू. आम्ही विसरलो तर आठवण करून द्यावी.

कौटुंबिक प्रार्थनेसाठी प्रश्न :

1. घरात आपला आवाज नेहमी 'फोर्ते' असतो काय? कोणासाठी तो 'पियानो' करण्याची गरज आहे?
2. आपल्या कुटुंबात सर्वांत हळू चालणारे कोण? आपण त्यांच्या गतीने चालतो काय?
3. दिवसातून पाच मिनिटे 'ताचेत' पाळून परमेश्वराचे ऐकायला आपण तयार आहोत काय?

या रविवारी मागच्या बाकांवरूनही गाणे ऐकू येऊ द्या. परमेश्वर आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू